गरम पाण्याची कुंडं आणि एकटा जीव: कामाचं तेवढं लिहा

ओला_पंचा
आत्ता काडी ओढली, गंधकाचा वास आला आणि थेट कुंडाची पायरी डोळ्यासमोर. म्हणून धागा. आठवणी नकोत, त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. कोकणातल्या कुंडांवर एकट्यानं दोन दिवस निवांत जायचं असेल तर नेमकं काय करायचं ते लिहा.

सुरुवात मीच करतो. बसायची पद्धत:
आधी कोपर बुडवून बघा. तळहात राठ असतो, तो खोटं सांगतो. कोपराला सोसवलं तर पावलं सोडून दोन मिनिटं कठड्यावर बसा, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. गळ्यापर्यंत उतरायची गरज नाही. पाणी 40 अंशांच्या आसपास असेल तर एका खेपेला 10 मिनिटं, फार तर 15. बाहेर पडून तेवढाच वेळ सावलीत. अशा तीन खेपा झाल्या की सकाळचं काम झालं. तासभर डुंबून राहणारे दुपारभर डोकं धरून पडलेले असतात.

कोपरखळी
काडीचा वास सल्फर डायऑक्साइडचा. कुंडाचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्याचा. आठवण चुकीच्या वासाने आली आहे तुम्हाला.

ओला_पंचा
घ्या. आली तर आली.

सड्यावरची
उठताना!! हे कोणी सांगत नाही. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायाकडे उतरतं. पाण्यात असेपर्यंत पाण्याचा दाब पाय आवळून धरतो, म्हणून कळत नाही. झटकन उभं राहिलं की दाब गेला, बीपी खाली, डोळ्यापुढे अंधारी, आणि खाली दगडी पायरी. सोबत कोणी असेल तर धरतं. एकट्याला पायरीच धरते.
म्हणून आधी वरच्या पायरीवर दोन मिनिटं बसायचं, पाय पाण्यातच. मग भिंतीला हात लावून उभं राहायचं. अर्धा लिटर पाणी आत जायच्या आधी आणि अर्धा लिटर नंतर. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपणात नको. दारू पिऊन तर अजिबातच नको.

नाखवा७७
कुठलं कुंड ते आधी ठरवा, सगळी एका तापमानाची नाहीत. आरवलीचं सौम्य, 40 च्या घरात. तुरळ 60 च्या आसपास. दापोली तालुक्यातलं उन्हवरे 70 च्या घरात, पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्यात कडक झऱ्यांत त्याची गणना. हे आकडे झऱ्याच्या तोंडाशी, टाकीत किंवा न्हाणीत येईपर्यंत उतरतात. पण तोंडाशी पाय घालून बघू नका. 60 अंशांचं पाणी 5 सेकंदांत कातडी भाजतं.
मधुमेहवाल्यांनी पायाने अंदाज घेऊच नये. तळव्यांची जाणीव कमी झालेली असते, भाजलेलं संध्याकाळी फोड दिसल्यावर कळतं. कोपर किंवा थर्मामीटर. बाळाच्या अंघोळीचा मिळतो तो चालतो, तापाचा नको, तो 42-43 च्या पुढे जात नाही.

चिंचगुळ
साठीच्या पुढचं कडक, सत्तरीचं त्याहून कडक. आमच्या आळीतही हाच नियम लागू आहे 😄

खारी_बिस्कीट
तुरळला गाडीने कसं जायचं? आणि तिथे जेवायला मिळतं का

नाखवा७७
मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहे, एसटीने उतरून चालत. आरवलीही महामार्गाजवळच. रेल्वेने जायचं तर आरवली रोड किंवा संगमेश्वर रोड, पण जलद गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, थांबा बघूनच तिकीट काढा. "रोड" लागलेल्या स्थानकांचा भरवसा धरू नका. राजापूर रोड स्थानक राजापूर गावापासून चांगलंच लांब आहे, उतरून रिक्षा शोधत बसाल.

खारी_बिस्कीट
आणि जेवणाचं?

वाफाळ
गेल्याच पावसात कोणीतरी म्हणत होतं की कुंड थंड पडलं. पडत नाही. आपल्याकडचे झरे ज्वालामुखीचे नाहीत. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खोल उतरतं. दर किलोमीटरला साधारण 25-30 अंशांनी खडक तापत जातो, तिथे पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेने चटकन वर येतं. रमतगमत वर आलं तर वाटेतच निवतं. पावसाळ्यात वरचं गार पाणी त्यात मिसळतं म्हणून कोमट लागतं, इतकंच. तानसा नदीच्या पात्रालगतचे झरे तर पूर आला की नदीखालीच जातात. म्हणून तिथल्या अकलोलीला जायचं तर पाऊस पूर्ण ओसरल्यावर. दगडावर शेवाळ असतं ते वेगळंच. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

नावं बघा गंमत म्हणून: उन्हेरे, उन्हाळे, उन्हवरे, खानदेशात चोपड्याकडे उनपदेव. सगळ्यांत तेच "ऊन", ऊन ऊन भातातलं. नकाशावर असं नाव दिसलं तर एकदा चौकशी करावी.

कोपरखळी
राजापूरला जाणाऱ्यांचा एक घोळ कायम असतो. राजापूरची गंगा वेगळी आणि उन्हाळे गावचा झरा वेगळा. गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकटते, काही महिने राहते आणि जाते. उन्हाळे गावात गरम पाणी बारा महिने. "गंगा आली नाही" ऐकून बेत रद्द करणारे आहेत. गरम पाणी हवं असेल तर गंगेची वाट बघायचं कारण नाही.

शेवंती_वेणी
बायकांसाठी लिहिते, पटापट, भात लावलाय.
बायकांचं बंदिस्त कुंड आहे का हे आधी फोनवर विचारा. असलं तरी दाराला कडी असेलच असं नाही. कपडे बदलायचा आडोसा ओला असतो, खुंटी नसते. म्हणून चार-पाच मोठ्या सेफ्टी पिना आणि एक दोरी. सुती गाऊन भिजला की मणभर होतो आणि अंगाला चिकटतो. गडद रंगाचा सिंथेटिक कुडता-लेगिंग बरं, तासाभरात वाळतं. पंचे दोन. खोलीची किल्ली पिनेने आतल्या कपड्याला.
पहाटे जायचंय, पण अगदी अंधारात नाही. फटफटलं की निघा. निघताना लॉजवाल्या काकूंना "आठपर्यंत येते" एवढं सांगून ठेवायचं. एकट्याने जाणं म्हणजे कोणालाच न सांगता जाणं नव्हे.
जोडवी, पैंजण, चांदीची साखळी खोलीवरच. काळी पडते.

चिंचगुळ
अय्या हो का, आणि सोनं?

शेवंती_वेणी
सोन्याला तेवढं नाही होत, पण त्यात तांबं-चांदी मिसळलेली असते, डाग पडू शकतो. काढलेलंच बरं. शिट्टी झाली, आले.

दगडफूल
नाकात पाणी जाऊ देऊ नका. डोकं बुडवणं, सूर मारणं, नाक धुणं, काही नको. गोड्या कोमट-गरम पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा राहू शकतो, 45-46 अंशांपर्यंत तगतो. तोंडातून गेला तर हा आजार होत नाही. नाकावाटे मेंदूत पोचला तर फार थोडे वाचतात. प्रकार दुर्मीळ, घाबरून घरी बसायचं कारण नाही. फक्त मान वर.
कापलेलं, खरचटलेलं असेल तर तेवढे दिवस थांबा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा.

खारी_बिस्कीट
मान वर करून जेवणाचं विचारतोय तिसऱ्यांदा

ओला_पंचा
😂 छोट्या गावात सांगून ठेवावं लागतं हो. दुपारच्या जेवणाचं सकाळी नऊच्या आत, रात्रीचं चारच्या आत. ऐनवेळी गेलात तर चहा-बिस्किटावर भागवा. (नावाला साजेसं.)
आणि जेवून लगेच पाण्यात नको, दीड-दोन तास जाऊ द्या. उपाशीपोटीही नको, केळं खाऊन जा.

सड्यावरची
साबण! कुंडात साबण नको. हे पाणी क्षारयुक्त, साबण फेसाळत नाही, नुसती साय धरते, ती पुढच्या माणसाच्या अंगाला. आधी बाहेर साध्या पाण्याने अंग धुऊन मग उतरा. नंतर त्वचा ओढल्यासारखी होते, साध्या पाण्याने विसळून ओल्या अंगावरच खोबरेल. खरूज-नायटा बरा होतो म्हणून कोणी बाटल्या भरून नेतात. सांधे मोकळे होतात, झोप छान लागते, एवढ्यावर समाधान माना, औषध चालू असेल ते बंद करू नका.

वाफाळ
मुंबईकरांना जवळचं म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. तिन्ही एकमेकांपासून चालण्याइतकी जवळ. वसई किंवा विरारहून बस. रविवार टाळा, देवीच्या यात्रेचे दिवस तर नक्कीच टाळा. सोमवारी दुपारी पोचून मंगळवारी-बुधवारी सकाळी बुडी, हे गणित बरं. उन्हेरे पाली गावापासून तीनेक किलोमीटरवर, खोपोलीहून पालीला एसटी. पण बल्लाळेश्वराला चतुर्थीची गर्दी असते, तारीख बघून जा.

दगडफूल
एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मार्च 2023 पासून. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. आधार जवळ ठेवा, खोली घेतानाही लागतं. काही लॉजवाले एकट्या माणसाला खोली देताना कां कूं करतात, म्हणून फोनवरच "एकच व्यक्ती" असं स्पष्ट सांगून ठेवा, संध्याकाळी दारात वाद नको.

कोपरखळी
खोलीत गरम पाणी आहे का तेही विचारा. विनोद नाही. कुंडाच्या गावातल्या लॉजमध्ये गिझर नसणं सर्रास.

रिकामटेकडी
इतकं सगळं लक्षात ठेवून निवांत कधी व्हायचं मग

ओला_पंचा
दोन खेपांच्या मधे. ती दहा-पंधरा मिनिटं पंचा गुंडाळून कट्ट्यावर नुसतं बसायचं असतं, फोन खोलीवर. खरी मजा तिथेच आहे, पाणी निमित्त.

चिंचगुळ
जोडवी काळी पडली आहेत. (विचारू नका.) चिंचेने निघेल?

शेवंती_वेणी
आले. चिंचेने, पण घासावं लागतं. त्यापेक्षा भांड्यात तळाला अॅल्युमिनियम फॉइल, चकचकीत बाजू वर. त्यावर जोडवी, चमचाभर खायचा सोडा, वरून कढत पाणी. जोडवी फॉइलला टेकलेली हवीत, नाहीतर काही होत नाही. काळेपणातलं गंधक फॉइलकडे जातं. पाच-दहा मिनिटांत पांढरी. खडे किंवा मोती बसवलेलं असेल तर नको.

कोपरखळी
चकचकीत बाजू वर-खाली काही फरक पडत नाही.

शेवंती_वेणी
बरं. भात करपला, त्याला फॉइल लावू का?