विषय: जूनचा ग्रॅज्युएशन सत्कार आणि फॉर्ममधला रँकचा रकाना

प्रेषक: युवा समिती

नमस्कार ह्यूस्टनकर मंडळी,

यंदा हायस्कूल संपवणाऱ्या मुलामुलींचा सत्कार नेहमीसारखा जूनच्या कार्यक्रमात, जेवणाच्या आधी. शाल, नारळ आणि गिफ्टकार्ड. फॉर्ममध्ये नाव, शाळा, जीपीए (मार्कांची सरासरी), क्लास रँक (अख्ख्या बॅचमधला नंबर) आणि कुठल्या कॉलेजला चाललेत ते भरा, म्हणजे रँकच्या क्रमानं स्टेजवर बोलावता येईल. फोटो साधा पाठवा, मागे एका मुलाला स्लाइडवर कुत्र्याचे कान आले होते आणि आजी विचारत होत्या हे काय.

प्रेषक: शुगरलँडकर मावशी

रँकच्या क्रमानं बोलावणार हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी सबस्टिट्यूट (बदली) टीचर म्हणून हायस्कूलांत जाते, आज या वर्गावर उद्या त्या, आणि तिथं मला आपली मुलं दिसतात ती काही फक्त रँकवाली नसतात हो, कोणी क्लास ट्रेझरर आहे, कोणी स्टुडंट काउन्सिलची सेक्रेटरी, कोणी सकाळी शाळा भरायच्या आधी येऊन होमकमिंगसाठी (जुन्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या सोहळ्यासाठी) जिना सजवत बसलेलं असतं. शेकडो पोरांनी मतं देऊन निवडलेली ही मुलं, त्यातली निम्मी पोरं यांना ओळखत पण नाहीत आणि आडनाव तर कोणालाच म्हणता येत नाही, तरी निवडून येतात. आणि आपल्या फॉर्ममध्ये त्यासाठी एक ओळसुद्धा नाही? मग तो मुलगा आपल्या स्टेजवर 'रँक ८७' म्हणून येणार आणि मागून कुजबुज होणार, हे मी मागे ऐकलंय, माझ्याच टेबलावर.

प्रेषक: पेअरलँडकर

मावशी, भावना पोचल्या, पण रँक ही इथं मिरवायची गोष्ट नाही, टेक्ससमध्ये तो कायदा आहे. १९९७ साली विधानसभेनं ठरवलं की प्रत्येक शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश, म्हणजे एल पासोची शाळा असो, खेड्यातली असो नाहीतर आपल्या केटीतली. यूटी ऑस्टिन, म्हणजे ऑस्टिनची टेक्सस युनिव्हर्सिटी, तिथं इतकी गर्दी झाली की २००९ मध्ये त्यांना सूट मिळाली, टेक्ससच्या मुलांच्या ७५ टक्के जागाच अशा भरायच्या, म्हणून तिथली रेघ खाली खाली येत गेली, ६ टक्के होती ती २०२६ ला दाखल होणाऱ्यांसाठी ५. म्हणजे ६०० मुलांची बॅच असेल तर ३०. एकतिसाव्यानं निबंध लिहा, वाट बघा. शिवाय शाळेत पहिल्या आलेल्याला राज्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची ट्यूशन माफ. ही पोरं चार वर्षं रात्री जागलीत, त्यांचं नाव आधी घेतलं तर काय बिघडलं? क्लास प्रेसिडेंटला काय, हसऱ्या चेहऱ्यावर मतं मिळतात.

(आणि हो, ५ टक्क्यांत आलं म्हणजे कॉम्प्युटर सायन्स मिळालं असं नाही, प्रवेश युनिव्हर्सिटीत, विषयाची लढाई वेगळी. हे दर वर्षी कोणालातरी मे महिन्यात कळतं.)

प्रेषक: सायप्रसकर काका

पेअरलँडकरांचं असं का होतं ते मला माहितेय, कारण माझंही तेच व्हायचं. आपल्याकडे कॉलेजात निवडणुका म्हणजे जीपा, पोस्टर, हाणामाऱ्या, १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनसुद्धा झाला, आणि मग १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात मतदानच गेलं, वर्गात जो पहिला तो सीआर (वर्गप्रतिनिधी), सीआर मिळून जीएस (जनरल सेक्रेटरी) निवडणार. मी कॉलेजात असताना आमचा सीआर इतका हुशार होता की वर्षभरात कोणाशी बोलला नाही. फी वाढली तेव्हा ऑफिसात भांडायला गेली ती शेवटच्या बाकावरची मंडळी. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुका परत आल्या, निदान कागदावर, पण तोवर आपण सगळे विमानात बसून इकडे आलो होतो, डोक्यात तोच हिशोब घेऊन. हुशार म्हणजे पुढारी. इथं ही दोन खाती वेगळी ठेवलीयेत आणि ते बरंय असं माझं मत.

प्रेषक: केटीकरांची मुलगी

नमस्कार, आईने मला हे सगळे ईमेल दाखवले. मी आमच्या वर्गाची व्हाइस प्रेसिडेंट आहे. पेअरलँडकर काका, हसून मतं मिळतात हे नववीत खरं आहे :) पण सिनियर इयरपर्यंत (बारावीपर्यंत) कोणी टिकत नाही कारण काम बोरिंग आहे.

क्लासचं अकाउंट सुरुवातीला रिकामं असतं. प्रॉमच्या (शेवटच्या वर्षाच्या डान्स पार्टीच्या) हॉलचं डिपॉझिट खूप आधी द्यावं लागतं, म्हणजे ज्युनिअर (अकरावीत) असतानाच पैसे हवेत, म्हणून टीशर्ट विका, रेस्टॉरंटवाल्यांशी बोला की आमच्या शाळेची माणसं ज्या दिवशी जेवायला येतील त्या दिवसाच्या बिलातले थोडे पैसे आम्हाला द्या, आणि प्रत्येक पावती स्पॉन्सर टीचरकडे, तिथून बुककीपरकडे, एक हरवली की तो खर्च तुमच्या खिशातून. मग सिनियर लोकांचे पार्किंग स्पॉट रंगवायचे, त्यात काय काढायचं नाही याची लिस्ट मी केली, ती दोन पानं झाली, मुलं किती क्रिएटिव्ह असतात ते मला तेव्हा कळलं. प्रॉमचं तिकीट ज्यांना परवडत नाही त्यांचं काय करायचं यावर आमची खूप भांडणं झाली, शेवटी कोणाला न सांगता क्लासच्या पैशातून द्यायचं ठरलं, ते स्पॉन्सरच बघतात, आम्हालाही नावं माहीत नाहीत. आणि १० वर्षांनी रियुनियन पण आम्हीच करायची म्हणे.

रँकचं सांगते. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये काउन्सिलवाल्यांसाठी लीडरशिपचा जो क्लास आहे तो रेग्युलर वेटचा आहे, म्हणजे साध्या विषयासारखा मोजतात. त्यात १०० मिळाले तरी जीपीएत ४ च, आणि एपीमध्ये (कॉलेजच्या पातळीच्या विषयांत) ५ मिळतात. म्हणजे काउन्सिलचा क्लास घेतला की रँक खाली जातो. ऑर्केस्ट्राचं पण तसंच. माझ्या ओळखीचे टॉपचे दोघं निवडणुकीला उभे राहणार होते आणि त्यांनी हे गणित करून नाव मागे घेतलं. मला त्यांचा राग नाही, त्यांना ऑस्टिनला जायचंय आणि त्यांच्या घरी बाहेरच्या राज्याची फी परवडणार नाही. पण मग तुम्ही रँकने उभं केलं तर ज्यांनी तो क्लास घेतला ते मागे जाणार, त्यांनी घेतला म्हणूनच.

आडनावाच्या क्रमाने करा ना. आणि नारळ ग्रॅज्युएशनच्या कॅपसोबत धरता येत नाही, फोटोत विचित्र दिसतं.

प्रेषक: पेअरलँडकर

वेटचं माहीत नव्हतं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये विचारून बघतो, कारण धाकटीला काउन्सिल घ्यायचंय आणि मी नाही म्हणून बसलोय. तरी रँकचा रकाना काढून टाकू नका, ज्याला लिहायचाय त्याला लिहू द्या. आडनावानं केलं तर दर वर्षी आगाशे-आपटे पुढे आणि आम्ही कायम जेवण वाढायला लागल्यावर.

प्रेषक: शुगरलँडकर मावशी

मग उलटा क्रम करा एक वर्ष.

आणि मुलांतर्फे दोन शब्द कोण बोलणार तेही ठरवून टाका, नाहीतर त्यावरून आई-आईंत जुंपेल. इथल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ग्रॅज्युएशनला सुरुवातीचं आणि शेवटचं बोलायला क्लास ऑफिसर, काउन्सिलचे ऑफिसर आणि वरच्या रँकची दोन-तीन मुलं यातून ज्यांना बोलायचंय त्यांची नावं घेतात आणि चिठ्ठी काढतात. गंमत म्हणून नाही, आपल्याच खालच्या गॅल्व्हस्टन काउंटीतली सँटा फेच्या शाळेची केस २००० साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, फुटबॉल मॅचआधी माइकवरून मुलांनी प्रार्थना म्हणायची का यावरून, कोर्ट म्हणालं नाही, आणि मग २००७ मध्ये राज्यानं कायदा केला की कुठला विद्यार्थी बोलणार ते शाळेनं त्याच्या धर्माकडे किंवा मताकडे बघून ठरवायचं नाही. आपल्यालाही चिठ्ठी परवडेल, कोणाचा मुलगा कोणाच्या ओळखीचा हा प्रश्नच येत नाही.

प्रेषक: युवा समिती

ठीक आहे. रँक ऐच्छिक. नवीन रकाना: 'शाळेत कुठली जबाबदारी घेतलीत', यात क्लास ऑफिसर, काउन्सिल, बँडचा सेक्शन लीडर, रोबोटिक्सचं काहीही चालेल, पण दोन ओळींत, आईवडिलांनी नाही मुलांनी लिहायचं, आम्हाला कळतं. क्रम आडनावाचा, यंदा शेवटून. भाषणाला चिठ्ठी, त्यासाठी इच्छुकांनी फॉर्ममध्ये टिक करा. नारळाबद्दल कमिटीत दोन मतं आहेत, पण घेतलेत आधीच, पटेल ब्रदर्समधून, परत घेणार नाहीत.

प्रेषक: केटीकरांची मुलगी

चिठ्ठीत माझं नाव नको प्लीज. शाळेत बोलायचंय आणि ते भाषण प्रिन्सिपॉलने तिसऱ्यांदा परत पाठवलंय, तेच अजून पूर्ण व्हायचंय. त्या दिवशी खुर्च्या लावायला येते, सोबत आमची ट्रेझरर पण येईल, ती मराठी नाही पण तिला जेवणात श्रीखंड आहे का ते विचारायचंय.