मशीनने पॉलिश मारायच्या आधी पेंटमधली खरखर कशी काढायची?

भोसरी_पांढरी
नमस्कार मंडळी, पांढरी स्विफ्ट आहे, सहा वर्षं झाली. कंपनी भोसरी एमआयडीसीत, गाडी रोज उघड्यावर लागते आणि भिंतीपलीकडे फॅब्रिकेशनचं शेड आहे, दिवसभर ग्राइंडर चालू. आता बॉनेट, टप आणि डिकीवर बारीक नारिंगी ठिपके आलेत, शाम्पूने दोनदा धुतली तरी जात नाहीत, हात फिरवला की पॉलिशपेपरवरून फिरवल्यासारखं लागतं. मित्राकडून डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड फिरता फिरता हलतोही) पॉलिशर आणलाय, सोबत लोकरीचा पॅड आणि कटिंग कंपाउंड, म्हणजे पेंट घासायची पेस्ट. डायरेक्ट कंपाउंड मारलं तर निघेल का? वॉशिंगवाला म्हणतो रबिंग मारून तासाभरात देतो, पण पेंट ओरिजिनल आहे म्हणून हिंमत होत नाहीये.

क्लिअरकोट_पुणे
दादा कंपाउंड आत्ता अजिबात मारू नका आणि रबिंगलाही देऊ नका. ते ठिपके म्हणजे ग्राइंडरच्या ठिणग्यांतले लोखंडाचे कण. गरम असतानाच येऊन पेंटला चिकटतात, मग पावसाचं पाणी लागलं की गंजतात, नारिंगी दिसतो तो गंजच. ब्रेकची धूळ पण हेच करते, म्हणून चाकांजवळ जास्त सापडेल. आता यावर पॅड फिरवला तर कण उपटून पॅडमध्ये अडकतो आणि तोच कण मशीन सगळ्या बॉनेटभर गोल गोल घासत बसतं. वरचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ, आणि एकदा घासून गेला की परत येत नाही.

आधी गाडी नीट धुवा. मग आयर्न रिमूव्हर, सावलीत, पत्रा थंड असताना, म्हणजे आत्ताच्या उन्हात सकाळी आठच्या आत. स्प्रे मारला की ३-४ मिनिटांत जांभळे ओघळ यायला लागतात, लोखंड विरघळल्याची ती खूण. सडक्या अंड्यासारखा वास येतो, हातमोजे घाला आणि बंद पार्किंगमध्ये करू नका. वाळू मात्र द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. जांभळं फार आलं तर परत एकदा मारा. दाराच्या खालच्या बाजूला डांबराचे काळे ठिपके असतील तर टार रिमूव्हर. एवढं करून जे उरेल त्याला क्ले, म्हणजे पेंटवर रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी.

भोसरी_पांढरी
धन्यवाद! क्ले मशीनला लावता येतो असं ऐकलंय, खरं का? हाताने अख्खी गाडी घासायची म्हणजे रविवार गेला.

काळी_बलेनो
येतो, मी केलंय. क्लेची वडी नाही, क्ले पॅड मिळतो, फोमवर रबरासारखा थर असतो, तो डीएच्या वेलक्रोला बसतो. माझी गाडी प्रभात रोडला झाडाखाली असते, चीक आणि त्यावर बसलेली धूळ, हाताने करून खांदे गेले होते म्हणून हा आणला. पहिल्यांदा मी चूक केली, नवा पॅड सरळ बॉनेटवर चालवला आणि काळ्या रंगावर धुक्यासारखे ओरखडे उठले, पुढे दोन दिवस फिनिशिंग पॉलिश करत बसले. नवा पॅड आधी काचेवर फिरवून घ्यायचा, म्हणजे वरचा कडकपणा जातो. स्पीड १ किंवा २, त्याच्या वर नाहीच, मशीनचं वजन पुरे, वरून दाब द्यायचा नाही. आणि ओलं पाहिजे, अगदी निथळत असलं पाहिजे, बादलीभर शाम्पूचं पाणी आणि स्प्रेची बाटली घेऊन बसा. सुरुवातीला खरखर आवाज येतो आणि पॅड अडखळतो, मग एकदम सुळकन फिरायला लागतो, तिथे थांबायचं. पॅड सारखा धुवत राहा. खाली पडला तर धुवून चालतो, वडी पडली तर मात्र फेकायची, तिच्यात खडे रुततात.

गॅरेज_सिंहगडरोड
ताईंचं बरोबर आहे पण एक सांगतो, मशीन फक्त सपाट भागावर, म्हणजे बॉनेट, टप, दारं. कडा, बॉडीलाइन, हँडलच्या मागे, बंपरचे कोपरे हातानेच करा, कडेवर पेंट आधीच पातळ असतो. आणि हे डीएवरच बरं का, कोणाच्या रोटरीवर (नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीनवर) क्ले पॅड लावू नका, एका जागी गरम होऊन पेंट जाईल. लोकरीचा पॅड पण मित्राला परत द्या, तुमच्या कामाला फोम पुरे. आणि मेट्रोच्या कामाखालून जाताना सिमेंटचे शिंतोडे उडाले असतील तर ते क्लेने ओढू नका, खडा असतो तो, पांढरा व्हिनेगर लावून मऊ करा मग धुवा.

भोसरी_पांढरी
रविवारी केलं! आयर्न रिमूव्हर दोनदा मारला, टपावरून जांभळं पाणी एवढं वाहिलं की शेजारचे काका बघायला आले. ऐंशी टक्के ठिपके त्यातच गेले. बाकी क्ले पॅडने स्पीड १ वर, कडा हाताने. पातळ पिशवी बोटांवर चढवून हात फिरवला, त्यात बारीक खरखर पण कळते, बॉनेट आता काचेसारखं लागतंय, फक्त टपाच्या मागच्या पट्टीवर थोडं राहिलंय. पॉलिश पुढच्या रविवारी. तोपर्यंत तसंच उघडं ठेवलं तर चालेल का?

क्लिअरकोट_पुणे
नाही, आधीचं वॅक्स होतं ते सगळं निघून गेलंय, आणि तुमची गाडी परत त्याच भिंतीजवळ लागणार. आज संध्याकाळीच साधं स्प्रे वॅक्स मारून ठेवा, पॉलिशच्या आधी ते धुवून काढता येतं. आणि जमलं तर कंपनीत पलीकडच्या बाजूची जागा मागून घ्या.