अडचण वेळेची नव्हे, क्रमाची
दिवसभर ग्राहकांसाठी लिहिल्यावर स्वतःचे लिहायला मन उरत नाही, ही मानधनावर लिहिणाऱ्या मुक्त लेखकांची नेहमीची अडचण मला वेळेपेक्षा क्रमाची वाटते. म्हणून मी ईमेल उघडण्यापूर्वीचा तासभर स्वतःचे लेखन वहीत हाताने करतो आणि शेवटचे वाक्य मुद्दाम अर्धवट सोडून उठतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची धास्ती राहत नाही. झोप मात्र उडवतात ती थकलेली बिले आणि न संपणाऱ्या दुरुस्त्या. म्हणून काम स्वीकारतानाच ५० टक्के मानधन आगाऊ घ्यावे आणि दुरुस्तीच्या २ फेऱ्यांनंतर वेगळे शुल्क पडेल, हे लेखी ठरवावे. हे सांगताना अवघडल्यासारखे होते (मला तर अजूनही होते), पण एवढ्यावरून काम काढून घेणारा ग्राहक आजवर एकच भेटला.