उतरवलेलं वजन खालीच ठेवायचं कसं? (जन्मजात बारीक असलेल्यांनी कृपया उत्तर देऊ नये)

फोंडेकरीण:
मंडळी, वजन कमी कसं करायचं हे विचारत नाहीये, ते मला जमलंय. वय ३६, उंची ५ फूट २ इंच, दोन वर्षांपूर्वी ७१ किलो होते, आठ-नऊ महिने एका डाएटवाल्या बाईंचा चार्ट पाळून ५८ वर आले. सगळीकडे वा वा झाली, ब्लाउज आत घेतले, जुने ड्रेस बहिणीला देऊन टाकले (घाई केली). वर्षभर कसंबसं टिकलं आणि आता गेल्या चार महिन्यांत काही वेगळं न खाता ६० झालं, मग ६१, परवा साडेएकसष्ट. बाईंना फोन केला तर म्हणाल्या चार्ट परत सुरू करू, फी आधी भरा. म्हणजे मी जन्मभर चार्टवरच राहायचं का?

रोज फोंडा-पणजी कदंबा बसने जाऊन येऊन, मध्ये आठ तास खुर्ची, घरी आल्यावर स्वयंपाक. सकाळी पाववाला पदेर पों-पों करत आला की आमच्याकडे दहा पोया घेतल्या जातात, दुपारी शीत-कडी, म्हणजे भात आणि नारळाची कडी, आणि रात्री परत शीत-कडी. त्यात माझी जाऊ! एकाच घरात राहतो, एकाच टोपातलं जेवतो, तिला दोन मुलं झाली तरी लग्नातला ब्लाउज अजून बसतो आणि मला नुसता भाताचा वास अंगी लागतो. सासूबाई म्हणतात, "तुझं हाडच तसं, आईवर गेलीस." ते खोटं नाही, आई, मावशी, आजी सगळ्या गोल गरगरीत.

गणपतीची चवथ महिन्यावर आलीये. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, पाच दिवस पाहुणे. तर प्रश्न एवढाच की ज्यांचं अंगच सुटणारं आहे आणि तरी ज्यांनी तीन-चार वर्षं वजन धरून ठेवलंय ते रोज नक्की काय करतात? भूक मारून जगतात का?

सदानंदी_७२:
पहाटे कोमट पाण्यात मध-लिंबू आणि १२ सूर्यनमस्कार. मी ७२ साली होतो तसाच आहे. इच्छाशक्ती हवी, बाकी सगळ्या सबबी.

काजूबोंडू:
काका, शीर्षक वाचलं नाही वाटतं. आणि मध म्हणजे पण साखरच हो.

बांबोळीची_सिस्टर:
फोंडेकरीण बाय, वॉर्डात तीस वर्षं काढली म्हणून जरा लांबलचक लिहिते. आधी थायरॉइड तपासून घे, टीएसएचची साधी रक्ततपासणी असते. काही न बदलता चार महिन्यांत साडेतीन किलो वाढलं तर ते बघायलाच हवं. पाळी पुढेमागे होत असेल तर डॉक्टरांना तेही सांग. रिपोर्ट नॉर्मल आला तर पुढचं वाच.

सासू म्हणते ते अर्धं खरं आहे गो. दत्तक गेलेल्या मुलांवर अभ्यास झालेत, त्यांची अंगकाठी वाढवणाऱ्या आईबापांपेक्षा जन्म देणाऱ्यांशी जास्त जुळते. आणि दुसरं म्हणजे वजन उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. चरबीतून लेप्टिन म्हणून एक हार्मोन सुटतं, १९९४ साली सापडलं, ते मेंदूला सांगत असतं की कोठार भरलेलं आहे, काळजी नको. चरबी घटली की ते पण घटतं, मग भूक वाढते आणि शरीर तेवढंच काम कमी इंधनात उरकायला शिकतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची स्पर्धा असायची, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं, २०१६ मध्ये ते छापून आलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, आणि तरीही बसल्या जागी त्यांच्या शरीराने जेवढ्या कॅलरी जाळायला हव्यात त्यापेक्षा रोजच्या जवळजवळ ५०० कमी जळत होत्या! ती टोकाची उदाहरणं, दिवसाचे तासन् तास व्यायाम करायला लावायचे, पण दिशा तीच. म्हणजे तू ५८ आणि जाऊ ५८ असलीत तरी तुला तिच्यापेक्षा थोडं कमी पुरतं. अन्याय आहे, पण आहे. म्हणून "काही वेगळं न खाता वाढलं" म्हणतेस ते मला थाप वाटत नाही.

एक मात्र कर, आकडा कुठे धरायचा ते आधी ठरव. आपल्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, बाहेरच्यांसाठी तेच २५ आणि ३०. तुझ्या उंचीला २३ म्हणजे ५७ किलो, आज तू २५ च्या जरा आत आहेस, आभाळ कोसळलेलं नाही. आपल्याला ही वेगळी पट्टी का, तर पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. तेव्हा जावेला पण सांग एकदा टेप घेऊन कंबर मोज म्हणून, बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत हवी. ब्लाउज बसतो म्हणजे सगळं ठीक असं नसतं.

काजूबोंडू:
सिस्टर, ते वजन उतरवायचं इंजेक्शन आलंय ना मौंजारो, आमच्या ऑफिसात दोघं घेतायत, पँटी गळायला लागल्यात.

बांबोळीची_सिस्टर:
आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं. ज्यांना साखर आहे, वजन खूपच आहे त्यांच्यासाठी चांगलं औषध आहे, डॉक्टरांच्या हाताखाली. पण प्रश्न टिकवायचा आहे ना? त्याच जातीचं दुसरं औषध, सेमाग्लुटाइड, ते थांबवलेल्यांवर अभ्यास झालाय, वर्षभरात उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं.

एकेकाळचा_मोटो:
ताई, मी म्हापशाचा, दुकानात बसून धंदा. १०४ होतो, आता सहा वर्षं ८१ ते ८४ च्या मध्ये आहे. भूक मारून नाही, पण विसरून पण नाही.

माझा सगळा कारभार वजनकाट्यावर चालतो. दर शुक्रवारी सकाळी, बाजारात दुकान उघडायच्या आधी. म्हापशातला माणूस शुक्रवार विसरूच शकत नाही म्हणून तो वार. ८४ ही रेघ. ८४ दिसलं की ८२ येईपर्यंत बियर बंद आणि रात्री भाताऐवजी पेज, बस. आधी मी काय करायचो की पँट आवळायला लागली की काट्यावर चढायचंच नाही, काटा पलंगाखाली ढकलून द्यायचो, आणि सहा महिन्यांनी बायकोने ओढून बाहेर काढला तेव्हा नऊ किलो वाढलेले. नऊ किलो उतरवायला वर्ष जातं ताई, दोन किलो पंधरा दिवसांत जातात. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवलीये, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलं तरच नाव लागतं, त्यातले चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर चढतात आणि दहातले नऊ जण दिवसाला सरासरी तासभर चालतात किंवा काही ना काही हालचाल करतात. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं, म्हटलं आपण एकटेच येडे नाही.

आता नारळ, ज्यावर गोव्यात कुणी बोलत नाही. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, शिजलेल्या भाताला १३० च्या आसपास. लोक भात सोडतात आणि कडी वाटीने ओरपतात! मी उलटं केलं. उकडा भात एक वाटी ठेवलाच, मासळीचा एक तुकडा जास्त घेतो, हुमण, म्हणजे मासळीची कडी, मोजून एक डाव, आणि वर प्यायला नारळाच्या रसाची सोलकढी न घेता फुटी कडी. बायको आधी चिडली, तिला वाटलं कडीला नावं ठेवतोय. दारूचं पण सांगतो, ग्रॅमला ७ कॅलरी, साखरेला ४. काजूच्या उर्राकच्या दिवसांत माझा काटा बरोबर वर जातो, दरवर्षी एप्रिलमध्ये, आणि त्यात लिम्का ओततो ती वेगळीच. ते मी सोडलेलं नाही आणि सोडणार पण नाही, फक्त मे अखेर हिशोब चुकता करतो.

पावसात चालणं बंद पडतं म्हणून जून ते सप्टेंबर आमच्या बिल्डिंगचे जिने चढतो. वॉचमनला वाटतं माझं कुणाशी तरी भांडण झालंय.

हडकुळी_सासष्टी:
शीर्षक वाचलंय तरी लिहिते, मी तुमच्या जावेच्या जातीची. आम्हाला पण ऐकून घ्यावं लागतं हो, "नवरा जेवायला घालत नाही का", "वारं आलं तर उडशील". खरं सांगू, मी काहीच करत नाही, पोट भरलं की मला घास गिळवत नाही, मग तो गोड बेबिंक असो नाहीतर इसवण (सुरमई). आणि कामात असले की दुपारचं जेवण खरोखर विसरते. तुम्ही एक करा, जावेवर दोन-चार दिवस नजर ठेवा. ती तुमच्याएवढं खाते असं तुम्हाला वाटतंय, खरंच खाते का ते बघा.

सदानंदी_७२:
जेवण विसरणं हे तब्येतीला वाईट.

फोंडेकरीण:
पाच दिवसांनी येतेय, सॉरी. थायरॉइड नॉर्मल आलं, सिस्टर तुमचे आभार. जावेची कंबर मोजली, ७९! तिचा चेहरा बघण्यासारखा होता, आता ती पण माझ्याबरोबर संध्याकाळी चालायला येते म्हणाली, बघू.

आणि नजर ठेवली. सकाळी ती पोई घेते, अर्धी मोडते, उरलेली अर्धी परत टोपलीत. आम्ही सगळे म्हणतो तिने पोई खाल्ली. जेवताना वाढून घेते माझ्याएवढंच, पण मध्येच मुलांना वाढायला उठते आणि परत बसते तेव्हा तिचं झालेलं असतं, ताटातला भात मांजराला. रविवारी इसवण तळलं होतं तेव्हा मात्र दणकून जेवली, मला वाटलं आता सापडली! तर रात्री म्हणे भूकच नाही, नुसता चहा. आणि तिला यातलं काहीच माहीत नाही, मी सांगितलं तर म्हणते "मी कुठे कमी जेवते?"

मग म्हटलं आता स्वतःकडे बघू. मुलाच्या ताटातलं उरलेलं मी पुसून खाते, टाकवत नाही. आणि घरात नारळ खवते मीच. आदोळीवर बसलं की हात आपोआप तोंडात जातो, वीस वर्षांची सवय. काल जी जी चिमूट तोंडात गेली असती ती बाजूला वाटीत टाकत गेले आणि किचनच्या काट्यावर ठेवली. ३४ ग्रॅम. मोटोभाऊंच्या हिशोबाने १२० कॅलरी झाल्या, एकाही जेवणात न धरलेल्या, रोजच्या. वर मी बाईंच्या चार्टवर इमानदारीत लिहायचे "सकाळी १० वाजता : काही नाही".

५८ चा हट्ट सोडलाय, ६० ही रेघ धरते. वजन सोमवारी करेन म्हणते, सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे बिनमासळीचं असतं.

एकेकाळचा_मोटो:
सोमवार नको ताई, रविवारचं जेवण अंगावर असतं, उगाच रडत बसाल. गुरुवार घ्या. आणि आधी सध्याचे दीड किलो जाऊ देत, चवथ झाल्यावर.

फोंडेकरीण:
बरं, गुरुवार. आणि नेवऱ्यांचं काय करू?

एकेकाळचा_मोटो:
खायच्या की. दिवसाला दोन. डब्यातून उभ्या उभ्या नाही, ताटलीत घेऊन बसून.

फोंडेकरीण:
सासूबाईंच्या हातच्या दोन म्हणजे दुकानातल्या पाच होतात हो. ते धरायचं का?