गुलाबाच्या पाकाचा सुगंध टिकत नाही, मदत हवी आहे

मंडईतून आणलेल्या गावठी गुलाबांच्या 100 ग्रॅम पाकळ्या अर्धा लिटर पाण्यात उकळून, ते पाणी गाळून आणि त्यात 1 किलो साखर घालून मी सरबतासाठी पाक केला. मळकट दिसणारे पाणी लिंबू पिळताच सुरेख लाल झाले, कारण आम्लामुळे पाकळ्यांतील रंग खुलतो. सुगंध मात्र जवळजवळ उडूनच गेला. शिवाय आठवड्याभरात बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे जमले (लिंबाच्या आम्लामुळे साखरेचे खडे सहसा होत नाहीत, तेव्हा लिंबू कमी पडले असावे). पाकळ्या न उकळता गरम पाण्यात झाकून रात्रभर ठेवाव्यात, की गुलकंदाप्रमाणे आधी साखरेत चुरून घ्याव्यात? हाच पाक श्रीखंडात घालायचा असल्यास तो किती दाट असावा? हारांच्या फुलांवर औषध फवारलेले असू शकते, म्हणून पुण्यात खाण्याजोगे गुलाब कोठे मिळतात, तेही कृपया कळवावे.