ग्रेस जोन्स: सिनेमानं तिचं गाणं खाल्लं की नाही?

बंदरवाडीकर (मालवण)
परवा 1985चा 'अ व्ह्यू टू अ किल' पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो आमच्या वाडीत, गणपतीत, भाड्याच्या व्हीसीआरवर. पडवीत शाळेच्या बाकावर टीव्ही, खाली गोणपाटावर आम्ही पोरं, मागं फुगड्या घालून दमलेल्या बायका. कॅसेट इतकी घासलेली की मधेच पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचायच्या. मग काका खिशातून दहाची करकरीत नोट काढून व्हीसीआरचं हेड पुसायचे.

रॉजर मूरचा तो शेवटचा बाँड. पण वाडीनं लक्षात ठेवली ती आयफेल टॉवरवरून पॅराशूट घेऊन उडी मारणारी उंच, काळी मे डे. पुढं आठवडाभर पोरं पेंढ्याच्या उडवीवरून उड्या मारत होती. ते काम करणारी ग्रेस जोन्स मुळात डिस्को गायिका, हे मला कळायला वीस वर्षं गेली. आणि तेच माझं म्हणणं आहे. सिनेमावाल्यांनी तिची उंची घेतली, चेहरा घेतला, गळा दारातच ठेवला. बाँडपटात एवढी गायिका हाताशी असताना शीर्षकगीत गेलं डुरान डुरान या इंग्लिश बँडकडे आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढच्याच वर्षी 'व्हँप'मध्ये तिला रक्तपिपासू नर्तकी केली आणि संवाद दिला शून्य. गाणाऱ्या बाईला मुकी करून ठेवली! उलट दुसरी डिस्को गायिका डोना समर बघा. 1978मध्ये सिनेमात गेली ती गायिकेचीच भूमिका करायला, आणि तिथल्या 'लास्ट डान्स'ला ऑस्कर मिळालं. ग्रेसचा 1989नंतरचा पुढचा अल्बम थेट 2008ला आला. मधली 19 वर्षं कुठं गेली?

काजूची_बी (वेंगुर्ला)
दादा, तुमचा क्रमच उलटा लागलाय. डिस्को तिनं सोडली नाही, डिस्कोच तिच्या पायाखालून गेली. 1977, 1978, 1979 अशी ओळीनं तीन वर्षं टॉम मोल्टन या संगीत निर्मात्यानं तिचे डिस्को अल्बम काढले. 12 जुलै 1979ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी सुरुंग लावून उडवली, लोक मैदानात घुसले, दुसरा सामना सोडून द्यावा लागला. वारं एवढं फिरलेलं. तेव्हा ती रेकॉर्डिंगला बहामाजमधल्या नासाऊला गेली. तिथं स्लाय डनबरचा ड्रम, रॉबी शेक्सपिअरचा बेस. जन्म जमैकाचा असून तिथल्या रेगे संगीताचा ठेका तिच्या गाण्यात खरा शिरला तो इथं. 1980 आणि 1981चे ते दोन अल्बम ऐका आणि मग गळा गेला म्हणा. 'कोनन द डिस्ट्रॉयर' हा सिनेमा त्यानंतर, 1984ला. आणि बाँडपट आला त्याच 1985मध्ये तिचं 'स्लेव्ह टू द ऱ्हिदम' हे गाणंही आलं. सिनेमानं गाणं खाल्लं असतं तर हे कुठून आलं?

19 वर्षांचा हिशोब सिनेमाच्या खात्यावर टाकू नका. सिनेमातली तिची शेवटची ठळक भूमिका 1992ची, 'बूमरँग'मधली. म्हणजे तिकडचंही काम आटलंच होतं.

दशावतारी_पोर (कुडाळ)
माका दोघांचाय पटणा नाय. तिचो गळो मोठो कधी होतो? अर्धा गाणा ती बोलताच. आमच्या दशावतारात राजा हातपेटीवर पद म्हणता, मध्येच बोलूक लागता, परत पद धरता. खंय गाणा संपला नि खंय बोलणा सुरू झाला, ता कोण इचारणा नाय. तशीच ही. नि मुकी केली म्हणतास? आमचो संकासूर राक्षस बघा. तो नुसतो इलो की पोरां आवशीच्या मागे दडतत. सोंग उभा रवला पायजे, बस. तिचा उभा रवला.

गुहागरची_माहेरवाशीण
मी जरा घरचं सांगते. ऐंशीच्या दशकात मी इकडच्या एका ऑर्केस्ट्रात गायचे. नाझिया हसनचं 'आप जैसा कोई' माझ्या वाट्याला असे. आवाज बरा होता, पण टाळ्या पडायच्या त्या आईनं जुन्या शालूची जर लावून शिवलेल्या चकचकीत झग्याला. पुढं ऑर्केस्ट्रातून डिस्को गेली, गझला आल्या, आणि मालकानं "तुझा गळा जड आहे" म्हणून मला बसवलं. दीड सीझन घरी काढला. मग मुंबईत चाकरमान्यांच्या नाटकात खाष्ट नणंदेचं काम मिळालं. गाणं एकही नाही. पण पाकीट प्रयोग संपला की हातात पडायचं आणि जेवणाचं पान पहिल्या पंगतीला. माझं गाणं नाटकानं नाही हो घेतलं, ते आधीच गेलं होतं. बंदरवाडीकर, बाईला काम मिळालं की आधी तिची चूल पेटते. गळ्याचं काय झालं ते तुम्ही 40 वर्षांनी निवांत विचारताय.

पऱ्यापलीकडचा (राजापूर)
ताई, तुमचं खरं. पण उलटा दाखला आपल्याच घरात आहे. 1935ला प्रभातनं 'धर्मात्मा'त बालगंधर्वांना एकनाथ केलं. आयुष्यभर स्त्रीभूमिका गाजवलेला माणूस पडद्यावर पुरुष म्हणून उभा राहिला. लोक ज्या रूपासाठी यायचे तेच तिथं नव्हतं. सिनेमा चालला नाही आणि गंधर्व पुन्हा रंगभूमीवर. ग्रेसच्या बाबतीत सिनेमानं निदान तिचं रूप तरी बदललं नाही.

काजूची_बी (वेंगुर्ला)
राजापूरकर, नेमकं बोललात. 2012ला इंग्लंडच्या राणीच्या हीरकमहोत्सवी मैफलीत, वयाच्या 64व्या वर्षी, कमरेभोवती रिंग फिरवत तिनं 'स्लेव्ह टू द ऱ्हिदम' म्हटलं. पूर्ण गाणं, रिंग एकदाही खाली पडली नाही. बंदरवाडीकर, यूट्यूबवर आहे, बघून घ्या.

बंदरवाडीकर (मालवण)
बघितलं. दोनदा. दुसऱ्यांदा आईला दाखवलं तर म्हणाली, "ही तीच मा, टॉवरवरची?" 19 वर्षांबद्दलचं मागं घेतो. गुहागरच्या ताईंना हात जोडून सांगतो, पाकिटाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण डुरान डुरानचं मी सोडणार नाही. घरात गाणारी असताना शेजारच्या वाडीतनं भजनीबुवा आणला तर आमच्याकडे गणपतीपुरतंच नाही, शिमग्यापर्यंत बोलणं बंद राहतं.

दशावतारी_पोर (कुडाळ)
ता सोडा. काकांच्या नोटेन हेड साफ झाला काय? आमच्याकडे मळकी वापरल्यानी, हेड गेला नि भाडेवाल्यान डिपॉझिट ठेवन घेतल्यान.