वापरलेली २००-५०० लेन्स घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न: ऐरोलीच्या खाडीवर रोहित पक्षी टिपण्यासाठी निकॉन डी५६०० करिता वापरलेली २००-५०० मिमी लेन्स घ्यावयाची आहे; जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: आपलाच कॅमेरा सोबत न्यावा. तो ट्रायपॉडवर लावून, व्हीआर (लेन्समधील हादरे कमी करणारी सोय) बंद ठेवून, एफ ५.६ वर (लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून), तिरप्या धरलेल्या वर्तमानपत्राच्या एकाच ओळीवर आधी व्ह्यूफाइंडरमधून आणि मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करावा. दुसऱ्यात ती ओळ स्पष्ट आणि पहिल्यात पुढचीमागची ठळक आली, तर लेन्स सरळ नाकारावी, कारण डी५६०० मध्ये फोकसची सूक्ष्म दुरुस्ती करण्याची सोयच नाही.

उत्तर २: आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीची शंका आधी घ्यावी. मागून टॉर्च धरून काचांवर कोळिष्टकासारखे धागे दिसतात का, ते पाहावे. धुळीचे चार कण मात्र मनावर घेऊ नयेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. विक्रेते घोडबंदर रोडलाच राहतात, त्यामुळे रविवारी ट्रायपॉड घेऊनच जातो.